गोलंदाज निवडताना नाव नव्हे, षटके मोजा
खास प्रतिनिधी, ठाणे

आयपीएलचा हंगाम तोंडावर आला, की कल्याण-डोंबिवलीहून सकाळी सुटणाऱ्या जलद गाड्यांतील चर्चेचे विषय बदलतात. पाणीकपात, रस्त्यांवरील खड्डे आणि खुद्द गाडीचा उशीर हे बारमाही विषय काही काळ मागे पडतात. एका हाताने वरची कडी आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरून माणसे अकरा जणांचा संघ निवडू लागतात. राष्ट्रीय निवड समितीतही इतक्या तळमळीने वाद होत नसतील. कोणत्याही खऱ्या संघाचे भवितव्य यात ठरत नाही. ठरते ते एवढेच, की दोन महिन्यांनी कार्यालयातील किंवा सोसायटीतील लीगमध्ये पहिला कोण येणार आणि पार्टी कोण देणार.

फॅन्टसी क्रिकेट या नावाने ओळखला जाणारा हा खेळ आता नवा राहिलेला नाही. प्रत्यक्ष खेळाडूंमधून कागदावर संघ निवडायचा आणि मैदानावरील त्यांच्या कामगिरीनुसार गुण मिळवायचे, ही मूळ कल्पना अमेरिकेतील. डॅनियल ओक्रेंट या पत्रकाराने १९८०मध्ये मित्रांसह बेसबॉलसाठी तिला लोकप्रिय रूप दिले. आपल्याकडे या शतकाच्या सुरुवातीस क्रीडा वाहिन्यांच्या संकेतस्थळांवर ती अवतरली आणि २००८मध्ये मुंबईत हर्ष जैन व भावित शेठ यांनी सुरू केलेल्या ‘ड्रीम इलेव्हन’ने तिचा मोठा उद्योग केला. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने कायदा करून या खेळातील पैसा बाहेर काढला. त्याविषयी पुढे येईलच. खेळ मात्र राहिला आणि त्याबरोबर जुना प्रश्नही राहिला, तो म्हणजे गोलंदाज कोणते घ्यायचे?

फलंदाजांवरून फारसे वाद होत नाहीत. सलामीला कोण येतो, तिसऱ्या क्रमांकावर कोण खेळतो, हे सर्वांना ठाऊक असते. ज्याला जास्त चेंडू खेळायला मिळणार, त्याच्याकडून जास्त धावांची अपेक्षा, एवढा हिशेब बहुधा पुरतो. गोलंदाजाचे तसे नसते. चेंडू त्याच्या हाती कधी द्यायचा, हे दुसराच कोणीतरी ठरवतो. अमेरिकेत तिकडच्या फुटबॉलवर हाच खेळ चालतो आणि नव्या हंगामापूर्वी ‘वाइड रिसीव्हर’च्या क्रमवाऱ्यांवर तेथील वर्तमानपत्रे पानेच्या पाने खर्च करतात. लांबून फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलणारा तो खेळाडू. तो कितीही चपळ असला, तरी चेंडू त्याच्या दिशेने किती वेळा फेकला जाणार, हे त्याच्या हाती नसते. म्हणून तेथील जाणकार आधी त्याच्या वाट्याला येणाऱ्या संधी मोजतात आणि कौशल्याचा विचार नंतर करतात. आपल्या खेळात ही जागा गोलंदाजाची आहे.

आधी कोष्टक वाचा

क्रमवारी लावण्यापूर्वी गुणांचे कोष्टक वाचणे अत्यावश्यक आहे आणि बहुतेक जण नेमके तेच टाळतात. प्रत्येक खेळाचे कोष्टक वेगळे असते, काही ठिकाणी ते हंगामागणिक बदलतेही. तरी बराच काळ प्रचलित असलेली पद्धत नमुन्यादाखल घेऊ. तीत एका धावेला १ गुण, एका बळीला २५ गुण, त्रिफळाचीत वा पायचीत केल्यास वर ८ गुण. षटकामागे सहा ते सात धावा दिल्या तर २ गुण अधिक, पाच ते सहाच्या दरम्यान दिल्या तर ४ अधिक. दहा ते अकरा दिल्या तर २ वजा आणि बारांच्या पुढे गेल्यास ६ वजा.

आता दोन गोलंदाज डोळ्यांसमोर आणा. एकाने चार षटकांत २२ धावा देऊन एक बळी घेतला. सामना पाहणारा प्रत्येक जण त्याची पाठ थोपटेल. त्याचे गुण २५ आणि ४, म्हणजे २९. दुसऱ्याने चार षटकांत ४२ धावा मोजल्या, पण अखेरच्या षटकात दोन झेल सीमारेषेवर पकडले गेले. समालोचक त्याला धारेवर धरतील. त्याचे गुण मात्र ५० वजा २, म्हणजे ४८. कर्णधाराला हवा असलेला गोलंदाज आणि या खेळात हवा असलेला गोलंदाज यांच्यात असा फरक असतो.

२०२४च्या हंगामाचे आकडे याला पुष्टी देतात. हर्षल पटेलने १४ सामन्यांत २४ बळी घेऊन सर्वाधिक बळींची जांभळी टोपी पटकावली. षटकामागे त्याने ९.७३ धावा दिल्या. जसप्रीत बुमराने १३ सामन्यांत २० बळी घेतले आणि षटकामागे दिल्या अवघ्या ६.४८ धावा. त्या वर्षी दोघांपैकी श्रेष्ठ गोलंदाज कोण, या प्रश्नावर डोंबिवलीच्या गाडीतही मतभेद होणार नाहीत. तरीही वरील कोष्टकानुसार निव्वळ बळींचे सरासरी गुण हर्षलचे सामन्यामागे सुमारे ४३, तर बुमराचे ३८ ते ३९ भरतात. धावगतीचे गुण मिळवले तरी बुमरा जेमतेम चाळिशी ओलांडतो. गंमत म्हणजे २०२५पर्यंतच्या एकाही हंगामात जांभळी टोपी बुमराच्या डोक्यावर चढली नव्हती. निर्धाव चेंडूलाही गुण देणारे कोष्टक असेल, तर चित्र पालटते आणि बुमरासारख्यांचे पारडे लगेच जड होते. कोष्टक आधी वाचायचे ते यासाठी.

कल्याणच्या गोलंदाजाचा धडा

या हिशेबाचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच गावचे आहे. तुषार देशपांडे कल्याणचा. लहानपणी शिवाजी पार्कवर निवडीसाठी गेला असता फलंदाजांची रांग लांबलचक दिसली, म्हणून आपण गोलंदाजांच्या आखूड रांगेत जाऊन उभे राहिलो, असे त्यानेच मुलाखतींतून सांगितले आहे. कल्याणहून दादरला येऊन परत जायचे असलेल्या मुलाचा हा हिशेब येथील कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही.

२०२३मध्ये ‘इम्पॅक्ट प्लेअर’चा, म्हणजे सामन्याच्या मध्यावर बदली खेळाडू आणण्याचा नियम आयपीएलमध्ये आला. ३१ मार्च २०२३ रोजी अहमदाबादेत हंगामाच्या पहिल्याच सामन्यात चेन्नईने अंबाती रायुडूच्या जागी तुषारला मैदानात आणले आणि तो या स्पर्धेतील पहिला ‘इम्पॅक्ट प्लेअर’ ठरला. पदार्पण काही सुखाचे नव्हते. ३.२ षटकांत त्याला ५१ धावांचा मार बसला, बळी मिळाला एक. दुसऱ्या दिवशी अनेकांनी त्याचे नाव यादीतून खोडले असणार.

ज्यांनी खोडले नाही, त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. मार बसत असतानाही कर्णधार धोनीने चेंडू त्याच्याकडून काढून घेतला नव्हता. पुढे संपूर्ण हंगामभर नवा चेंडूही त्याच्याकडे राहिला आणि अखेरच्या षटकांतही तो दिसत राहिला. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर १६ सामन्यांत २१ बळी होते. विजेत्या चेन्नईकडून सर्वाधिक बळी त्याचेच. षटकामागे धावा ९.९२, म्हणजे फार कौतुक करण्याजोगे काही नाही. पण बळींचे सरासरी गुण जवळपास ३३. त्याच हंगामात दोन वर्षांपूर्वीचा जांभळ्या टोपीचा मानकरी हर्षल १३ सामन्यांत १४ बळींवर, म्हणजे सरासरी २७ गुणांवर अडला. हंगामाच्या प्रारंभी नामवंत गोलंदाज घ्यायला बरीच किंमत मोजावी लागत होती, तुषार मात्र स्वस्तात मिळत होता.

येथे किमतीचा मुद्दा येतो. बहुतेक खेळांत अकरा खेळाडूंसाठी शंभर ‘क्रेडिट’ची मर्यादा असते, म्हणजे एका खेळाडूच्या वाट्याला सरासरी नऊ. महाग गोलंदाज किती गुण मिळवतो, हा प्रश्न अपुरा आहे. त्याच्याऐवजी जो स्वस्त गोलंदाज घेता आला असता, त्याच्यापेक्षा तो किती अधिक मिळवतो, हे पाहिले पाहिजे. २०२३मध्ये अव्वल ठरलेल्या मोहम्मद शमीचे बळींचे सरासरी गुण ४१ होते आणि तुषारचे ३३. आठ गुणांच्या या फरकासाठी दीड-दोन क्रेडिट जास्त मोजायची, की तीच वाचवून मधल्या फळीतील फलंदाजाऐवजी सलामीवीर घ्यायचा? ठाण्यात दोन खोल्या की त्याच पैशात डोंबिवलीत तीन, हा विचार केलेल्या कुटुंबांना हे गणित नवे नाही.

लिलावातील बोली ही गुणांची हमी नव्हे, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. शार्दूल ठाकूर पालघरचा. २०१४मध्ये वेगळा जिल्हा होईपर्यंत पालघर ठाणे जिल्ह्यातच होते, म्हणून त्याच्यावर आपलाही थोडा हक्क. नोव्हेंबर २०२४च्या लिलावात त्याला कोणी घेतले नाही. पुढे लखनौच्या जखमी गोलंदाजाच्या जागी तो आला आणि हैदराबादविरुद्ध ३४ धावांत ४ बळी घेऊन मोकळा झाला. त्या हंगामात त्याने १० सामन्यांत १३ बळी घेतले. त्याच लिलावात साडेसहा कोटींना राजस्थानकडे गेलेल्या तुषारचा २०२५चा हंगाम मात्र फिका गेला आणि बळींची संख्या एक अंकीच राहिली. आपला माणूस म्हणून त्याला डोळे झाकून घेणाऱ्या कल्याणकरांना त्याचा भुर्दंड पडला. प्रस्तुत प्रतिनिधी त्यांपैकीच एक.

कोणते षटक, हा खरा प्रश्न

वीस षटकांच्या डावात सर्व षटके सारख्या मोलाची नसतात. पहिल्या सहा षटकांत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक असतात, चेंडू नवा असतो आणि फलंदाज धोका पत्करतात. धावाही जातात, बळीही मिळतात. सातव्या ते पंधराव्या षटकांत फिरकी गोलंदाज धावा रोखतात. सोळाव्यानंतर प्रत्येक चेंडू उंच मारण्याचा प्रयत्न होतो आणि झेल उडतात. म्हणून पहिल्या सहांतील दोन आणि शेवटच्या चारांतील दोन षटके ज्याच्या वाट्याला येतात, तो सामान्य वकुबाचा असला तरी यादीत वर चढतो. उलट मधल्या षटकांत शिस्तीने टाकणारा, पण बळींऐवजी दडपण निर्माण करणारा गोलंदाज कर्णधाराचा लाडका असतो आणि आपल्या यादीत खालीच राहतो. याला मोठा अपवाद म्हणजे चेंडू दोन्हीकडे वळवणारा फिरकीपटू. फलंदाजाला चेंडूची दिशाच कळत नसल्याने त्रिफळा उडण्याची वा पायचीत होण्याची शक्यता वाढते आणि बळीवर अधिकचे ८ गुण पदरात पडतात. वरुण चक्रवर्तीचे महत्त्व यात आहे.

भूमिका बदलली की तोच माणूस वेगळा होतो, याचा पुरावा सुनील नरेन. २०२३मध्ये त्याला तळाला फलंदाजीस पाठवले जात होते. हंगामात त्याच्या धावा झाल्या २१ आणि बळी मिळाले ११. २०२४मध्ये कोलकात्याने त्याला सलामीला धाडले. त्याने ४८८ धावा कुटल्या, १७ बळी घेतले आणि स्पर्धेतील सर्वांत मोलाच्या खेळाडूचा किताब मिळवला. बोनस वगळून केवळ धावा आणि बळी धरले, तर २०२३मध्ये २९६ गुण आणि २०२४मध्ये ९१३. वयाने तो एक वर्षाने वाढला होता, हातातील बॅट तीच होती. बदलला होता तो फक्त फलंदाजीचा क्रमांक. गेल्या वर्षीच्या गुणांच्या यादीवर बोट ठेवून निवड करणाऱ्याला हा माणूस सापडलाच नसता. सराव सामन्यांत तो सलामीला येत असल्याच्या चार ओळींच्या बातमीकडे लक्ष देणाऱ्याला सापडला असता.

गेल्या वर्षीची टोपी यंदा कामाची नाही

सर्वांत जास्त फसवणूक होते ती येथे. २०२३मध्ये सर्वाधिक बळींच्या यादीत पहिले तिघेही गुजरातचे होते. शमीचे २८, मोहित शर्माचे २७, रशीद खानचे २७. पुढच्या हंगामात शमी दुखापतीमुळे खेळलाच नाही, मोहितला १३ बळी मिळाले आणि रशीदला १०. तिघांचे मिळून ८२ बळींवरून २३. शमी २०२५मध्ये परतला, तेव्हा नऊ सामन्यांत त्याला सहाच बळी मिळाले. मोहितचे तर दोनच.

दुसरीकडे, २०२५ची जांभळी टोपी ज्याने २५ बळी घेऊन मिळवली, तो प्रसिध कृष्णा २०२३ आणि २०२४ या दोन्ही हंगामांत दुखापतींमुळे मैदानाबाहेर होता. आदल्या वर्षीच्या यादीत त्याचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. हर्षलचा आलेख पाहा. २०२१मध्ये ३२, मग १९, मग १४ आणि पुन्हा २४. २०२२मध्ये प्रस्तुत प्रतिनिधीने त्याला ३२ बळींच्या भरवशावर वारंवार कर्णधार केले आणि नऊ जणांच्या लीगमध्ये सातवा क्रमांक पटकावला.

हे असे का होते? बळी ही मुळातच थोडकी घटना. चौदा सामन्यांत गोलंदाज फार तर ५६ षटके टाकतो. सीमारेषेवरील चार झेल सुटले किंवा पकडले गेले, की २४चे २० किंवा २८ होतात. इतक्या लहान नमुन्यात नशिबाचा वाटा मोठा असतो आणि ज्याला एका वर्षी ते भरभरून लाभते, त्याला पुढच्या वर्षी तेवढेच लाभेल असे मानायला आधार नसतो. म्हणून एका हंगामापेक्षा तीन हंगाम एकत्र पाहावेत.

एकूण बळींपेक्षा सामन्यामागील बळी पाहावेत, हे त्याला जोडूनच. अंतिम फेरी गाठणारा संघ दोन किंवा तीन सामने अधिक खेळतो आणि त्याच्या गोलंदाजांची बेरीज आपोआप फुगते. अर्शदीप सिंगचे बळी २०२३पासून १७, १९, २१ असे चढत गेलेले दिसतात. पण पहिल्या दोन हंगामांत तो प्रत्येकी १४ आणि २०२५मध्ये १७ सामने खेळला. सामन्यामागे हिशेब केला, तर १.२१, १.३६ आणि पुन्हा १.२४. प्रगती नाही, सातत्य आहे. तेही काही कमी नव्हे. याच मापाने २०२५ची जांभळी टोपी जोश हेझलवूडला द्यावी लागेल. त्याने १२ सामन्यांत २२ बळी घेतले, म्हणजे सामन्यामागे १.८३. नूर अहमद १.७१ आणि प्रसिध १.६७ त्याच्या मागे.

समोर कोण आणि कोठे

आकड्यांना संदर्भ असतो, हे कल्याणने साऱ्या जगाला एकदा दाखवून दिले आहे. ४ आणि ५ जानेवारी २०१६ रोजी भंडारी चषक आंतरशालेय स्पर्धेत के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या आणि ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९पासून अबाधित असलेला नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला. त्याच्या संघाने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. पराक्रम खराच होता, दोन दिवस एकाग्रता टिकवणे सोपे नसते. परंतु समोरचा संघ आपल्या दोन डावांत मिळून शंभरीही गाठू शकला नव्हता. त्या आकड्यावरून पुढच्या सामन्याचा अंदाज बांधणाऱ्यांनी त्या कोवळ्या मुलाच्या खांद्यावर अपेक्षांचे ओझे टाकले. दोष मुलाचा नव्हता, आकडा संदर्भाविना वाचणाऱ्यांचा होता.

आयपीएलमध्ये प्रतिस्पर्ध्यांत इतकी तफावत नसली, तरी मैदानांत असते. बेंगळुरूच्या चिन्नास्वामीवर सीमारेषा जवळ आणि चेंडू हलका वाटावा अशी हवा. एप्रिल २०२४मध्ये हैदराबादने तेथे ३ बाद २८७ धावा चोपल्या. चेन्नईची खेळपट्टी परंपरेने फिरकीला साथ देणारी. वानखेडेवर पहिल्या तीन-चार षटकांत चेंडू हलतो आणि रात्री दव पडले की ओला चेंडू फिरकीपटूच्या बोटांतून निसटतो. दोनशेच्या वरची धावसंख्या २०२३मध्ये ३७ वेळा आणि २०२४मध्ये ४१ वेळा उभी राहिली. अशा दिवसांत धावगतीचे गुण मिळण्याची आशा सोडून बळींवरच लक्ष ठेवणे शहाणपणाचे.

आमची क्रमवारी

संघ हंगामागणिक बदलतात, म्हणून ही क्रमवारी संघांवरून नव्हे, तर २०२५अखेरच्या आकड्यांवरून आणि भूमिकेवरून लावली आहे. ती एक, दोन, तीन अशी नसून पायऱ्यांची आहे. एकाच पायरीवरील दोघांतून कोणालाही घेतले तरी विशेष बिघडत नाही.

पहिल्या पायरीवर बुमरा आणि वरुण चक्रवर्ती. बुमराचे सामन्यामागील बळी २०२४मध्ये १.५४ आणि २०२५मध्ये १.५०, वर धावगतीचे गुण. अट एकच, तंदुरुस्तीची. पाठीच्या दुखण्यामुळे २०२३चा संपूर्ण हंगाम आणि २०२५चे पहिले चार सामने तो खेळला नव्हता. वरुणचे आकडे तीन हंगामांत १.४३, १.४० आणि १.३१. फिरकीपटूत असे सातत्य विरळा.

दुसरी पायरी हेझलवूड, नूर, प्रसिध आणि अर्शदीप यांची. हेझलवूड खेळला तर पहिल्या पायरीचा, पण दुखापतींमुळे बाकावर बसण्याचा धोका मोठा. प्रसिधला गेल्या यादीतील पहिल्या क्रमांकावरून येथे उतरवण्याचे कारण वर आलेच आहे. ट्रेंट बोल्ट याच पायरीच्या काठावर उभा आहे. पहिल्याच षटकात बळी घेण्याची त्याची ख्याती आहे, त्यामुळे नवा चेंडू हलणाऱ्या मैदानांवर त्याला वर घ्यावे, एरवी नाही.

युजवेंद्र चहलला आम्ही तिसऱ्या पायरीवर ठेवले आहे, यावरून पत्रे येतील. नाव मोठे, कारकीर्द त्याहून मोठी. तथापि २०२२पासूनचे बळी २७, २१, १८, १६ आणि सामन्यामागील प्रमाण १.५९ वरून १.१४ पर्यंत घसरलेले. किंमत मात्र नावाची मोजावी लागते. रशीद खानबाबत तेच म्हणता येईल.

उरलेली जागा रिकामी ठेवावी. ती २०२३च्या तुषारसारख्या कोणासाठी तरी असते. पहिल्या आठवड्यात आपल्या कर्णधाराकडून अठरावे वा विसावे षटक मिळवणारा तरुण भारतीय गोलंदाज दिसला, की मार बसला तरी त्याला घ्यावे.

पैसा असताना क्रमवारी का चुकत होती

ही सारी चर्चा काही वर्षांपूर्वी केवळ गमतीची नव्हती. या डब्यांतच पैसे लावले जात होते. हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे, असा निर्वाळा पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने २०१७मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९मध्ये दिला. २०२०च्या आयपीएलचे मुख्य प्रायोजकत्व ‘ड्रीम इलेव्हन’ने २२२ कोटी रुपयांना घेतले. २०२३मध्ये भारतीय संघाच्या जर्सीवर तिचे नाव झळकले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून सरकारने जमा रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लावला, तरी ओघ थांबला नाही.

कौशल्य होते हे खरे. पण ते कोणाच्या कामी येत होते? समजा, एका स्पर्धेत एक लाख जणांनी प्रत्येकी ५० रुपये भरले. जमले ५० लाख. त्यातून समजा १५ टक्के कंपनीने ठेवले, तर वाटायला उरले साडेबेचाळीस लाख. म्हणजे सर्व जण सारखेच हुशार असते, तरी प्रत्येकाच्या पन्नासाचे साडेबेचाळीस झाले असते. त्यातही मोठा वाटा वरच्या मूठभरांना मिळणार, त्यामुळे मधल्या माणसाच्या हाती काहीच येत नाही. आणखी एक वाकडेपण त्यात होते. लाखभर संघांतून पहिले यायचे, तर सर्वांनी घेतलेला बुमरा घेऊन भागत नाही. कोणीच न घेतलेला एखादा खेळाडू घेऊन तो त्याच दिवशी चमकावा, अशी प्रार्थना करावी लागते. वर मांडलेली सारी क्रमवारी, तीन हंगामांची सरासरी, सामन्यामागचे प्रमाण, तेथे फारसे कामाचे नव्हते. दहा-बारा जणांच्या लीगमध्ये, दोन महिन्यांच्या कालावधीत मात्र ती कामाची आहे, कारण तेथे रोज थोडे बरे असणारा शेवटी वर येतो.

ऑनलाइन गेमिंगविषयक विधेयक लोकसभेत २० ऑगस्ट २०२५ रोजी आणि राज्यसभेत दुसऱ्या दिवशी संमत झाले, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मोहोर उमटली. पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने बंद केले. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षे व ५० लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्याला बळी पडलेला मानले आहे. रमी-पोकरसह अशा सर्व खेळांत मिळून सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा तेव्हाचा अंदाज होता. कंपन्यांनी कायद्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. पैशांच्या स्पर्धा थांबल्या, जर्सीवरील नावही गेले.

डब्यातील चर्चा तेवढी थांबली नाही. पैसे गमावलेल्यांपैकी काहींनी खेळच सोडला. काही जण पुन्हा मित्रांच्या विनामूल्य लीगमध्ये परतले आहेत आणि तेथे भांडण करण्यासाठी त्यांच्यापाशी पूर्वीपेक्षा अधिक वेळ आहे.

सातची नाणेफेक

शेवटी एक व्यावहारिक अडचण, जी ठाण्यापलीकडे राहणाऱ्यांनाच कळेल. संध्याकाळच्या सामन्याची नाणेफेक सातला होते, सामना साडेसातला सुरू होतो. अंतिम अकरा आणि पाच राखीव खेळाडूंची नावे नाणेफेकीनंतरच कळतात, म्हणजे खरी निवड या अर्ध्या तासात करायची. ८ एप्रिल २०२३ रोजी वानखेडेवर मोईन अली व बेन स्टोक्स उपलब्ध नसल्याने डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेला ऐनवेळी चेन्नईच्या संघात घेतले गेले. त्याने १९ चेंडूंत अर्धशतक आणि २७ चेंडूंत ६१ धावा केल्या. दुपारीच संघ नक्की करून ठेवलेल्यांच्या हातून तो निसटला.

गोलंदाजांच्या बाबतीत तर राखीव यादी अधिक काळजीपूर्वक वाचावी लागते. प्रथम फलंदाजी करणारा संघ बहुधा एक जादा फलंदाज खेळवतो आणि आपला गोलंदाज राखीव खेळाडूंत ठेवून दुसऱ्या डावात आणतो. अकरांत नाव नाही म्हणून त्याला वगळणे चूक ठरते. नेमका हाच अर्धा तास आपला गाडीत जातो आणि मुलुंडनंतर हात खिशापर्यंत पोहोचण्याची शाश्वती नसते. तेव्हा गाडीत शिरण्यापूर्वी दोन संघ मनाशी पक्के करून ठेवावेत, एक आपल्या संघाने आधी फलंदाजी घेतली तर आणि दुसरा गोलंदाजी घेतली तर. बदल करायचा तो ठाणे स्थानकात गाडी थांबते, तेवढ्या वेळात.